एकतिसाव्या पानावरची खूण

३ मार्च, सोमवार

ही वही हॉटेलातली आहे. फ्रिजचं तापमान दिवसातून तीनदा लिहायची. आता यंत्र आपोआप नोंदतं, म्हणून मालकांनी उरलेल्या वह्या रद्दीत काढल्या आणि आईने एक उचलून माझ्यासाठी आणली. "कोरा कागद टाकवत नाही मला," म्हणाली. प्रत्येक पानावर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने आहेत. मी त्यांच्यावरूनच आडवं लिहितेय.

आज मोठी बातमी आहे. मालक हॉटेल सोडणार. त्यांचे गुडघे गेलेत, मुलीकडे राहायला जाणार आहेत. हॉटेल तसं त्यांचं नाहीच, कंपनीची शाखा आहे. पाटी कंपनीची, पदार्थ कंपनीचे, बन गुंडाळायच्या कागदावरची लाल रेघसुद्धा कंपनीची. मालकांचा फक्त चालवण्याचा हक्क. तो ते दुसऱ्याला देऊ शकतात, आणि त्यांनी आधी आईला विचारलं. आई तिथे एकोणीस वर्षं आहे. आधी भांडी घासायची, मग चिरणं-सोलणं, आणि गेली बारा वर्षं अख्खं स्वयंपाकघर तीच बघते.

"बाई, यंत्रांचे पैसे मला हप्त्याने द्या," मालक म्हणाले, "मला घाई नाही. पण हस्तांतराची फी कंपनी घेते. तिथे माझं काही चालत नाही."

ती फी पाच लाख आहे.

दादा म्हणाला, "पाटीवरचं नाव तेच राहणार, मग पाच लाख कशाचे?"

मी सांगितलं, कागदावरचं नाव बदलायचे.

"माझं नाव बदला म्हणावं पाच लाखांत. वाटेल ते ठेवा."

आई हसली नाही. तिने कराराची अठ्ठेचाळीस पानं पिशवीतून काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "वाच," म्हणाली.

६ मार्च, गुरुवार

तीन दिवस दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचतेय. (मी दातांच्या दवाखान्यात नोंदी ठेवते. डॉक्टर सुट्टीत झोपतात, त्यामुळे शांतता असते.) समजलं की पेन्सिलने बारीक बरोबरची खूण, नाही समजलं की गोल. गोल सतरा झाले. ते डॉक्टरांना आणि मालकांना विचारून सहावर आणले.

घरी आईला वाचून दाखवलं. तिला वाचून दाखवण्याची आमची एक रीत आहे, मी तिसरीत असल्यापासूनची. मी एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. तिला कळलं की ती "हं" म्हणते, मगच पुढे. वीजमंडळाचं पत्र असो, औषधाची चिठ्ठी असो, हीच रीत. दुसऱ्या कुणी वाचलेलं तिच्या डोक्यात शिरत नाही. पण अठ्ठेचाळीस पानं अशी वाचायची तर पुढचा महिना उजाडेल. म्हणून मुख्य तेवढं वाचलं. फी किती, कधी भरायची, प्रशिक्षण चार आठवडे, मग लेखी परीक्षा. एकदा पूर्ण फी भरली की काही परत नाही. एकदोन सवलती आहेत, त्या आपल्यासाठी नाहीत.

मग प्रश्न आला की अर्ज कुणाच्या नावाने.

दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिच्याच. माझी सही म्हणजे कोंबडी शाईत चालल्यासारखी."

मी म्हटलं, परीक्षा लेखी आहे, म्हणजे आईला जमायचं नाही.

आई लसूण सोलत होती. "सगळं वाचलंस ना पण?"

"अगं, दोनदा."

"बरं."

१२ मार्च, बुधवार

आज कंपनीच्या कचेरीत अर्ज दिला. पाचवा मजला, काचेच्या भिंती, जमीन इतकी गुळगुळीत की आई भिंतीच्या कडेकडेने चालत होती. ती हॉटेलातून तशीच आली होती. पायात रबरी बूट, ते फरशीवर प्रत्येक पावलाला कुईं करायचे. मी पुढे चालत होते.

हस्तांतराचे साहेब पन्नाशीचे आहेत, सभ्य. माझा अर्ज पाहून म्हणाले, "फार स्वच्छ भरलाय." मला बरं वाटलं. मग त्यांनी आईकडे पाहिलं. "आणि या?"

मी म्हटलं, "या हॉटेलातल्याच आहेत."

"अच्छा. किती वर्षं?"

"एकोणीस," आई म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "एकोणीस? मग अर्ज तर..."

"अर्ज माझ्या नावाने आहे, सर," मी म्हटलं. "प्रशिक्षणाची तारीखही मी निवडलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, चष्मा घातला आणि शिक्का मारला. अर्जाचे पंचवीस हजार भरले. आईच्या साठवणीतले. दोन लाख पासष्टचे आता दोन चाळीस राहिले.

लिफ्टमध्ये आईने विचारलं, "साहेब काय म्हणत होता?"

"काही नाही गं. त्यांची बोलायची पद्धत असते."

मी "आई" का म्हटलं नाही ते माहीत नाही. बूट वाजत होते. इथे लिहिलं म्हणजे झालं.

१३ मार्च, गुरुवार

मी म्हटलं ते खोटं नव्हतं. ती हॉटेलातलीच आहे.

१९ मार्च, बुधवार

प्रशिक्षण सुरू होऊन तीन दिवस झाले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत जावं लागतं. दवाखान्यातून बिनपगारी सुट्टी घेतली. ट्रेनरबाई माझ्याहून फार मोठ्या नाहीत पण त्यांचे हात मशीनसारखे चालतात. बटाटे तळणीत किती वेळ, बन किती वेळ, कुठला सॉस किती दाबायचा, सगळं पाठ आहे मला. पुस्तकात आहे ते सगळं पाठ आहे. पण घंटा वाजली की हात गोठतात. आज एकाच वेळी चार ऑर्डरी आल्या आणि मी रिकाम्या बनला कागद गुंडाळून पुढे सरकवला.

गिऱ्हाईक परत आलं. "ताई, आत काही घालायची पद्धत आहे का तुमच्याकडे?"

ट्रेनरबाई हसल्या. मीही हसले. मग शौचालयात जाऊन पाच मिनिटं उभी राहिले.

घरी आईने ओट्यावर रिकामे डबे मांडले आणि म्हणाली, "डोळे मीट." डोळे मिटून मला डबे उचलायला लावले. "कांदा. काकडी. आता तळण. आता वळ. पाय नको हलवूस, कंबर हलव." सात वेळा करून घेतलं. सातव्यांदा जमलं. दादा दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. "वकीलीणबाई आता आचारी होणार!" मालक मला वकीलीणबाई म्हणतात ते त्याने उचललंय.

२१ मार्च, शुक्रवार

फीला पैसे कमी पडताहेत, म्हणून दादा स्वतःचा टेम्पो विकू म्हणतोय. आईने जेवताना विचारलं, "सही एकदा केली की बदलता येते का गं?"

कसली सही म्हटलं, तर म्हणाली, "कसलीही."

मी समजावून सांगितलं की सही म्हणजे काय असते. फार सोप्या शब्दांत सांगितलं. ती ऐकत राहिली, पण "हं" म्हणाली नाही. थकली असावी.

२५ मार्च, मंगळवार

दोन लाख साठ हजार कमी पडत होते. दादाने टेम्पोला गिऱ्हाईक आणलं. भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याला हवाय, पावणेतीन देतो म्हणाला. टेम्पो दोन तारखेला द्यायचा.

दादाने तो सहा वर्षांपूर्वी जुना घेतला, आणि त्याचं नशीब असं की एकही भाग मूळचा उरला नाही, फक्त हॉर्न मूळचा आहे. तो दाबला की बकरीसारखा ओरडतो. गल्लीतल्या पोरांना त्यावरूनच कळतं दादा आला. आज त्याने टेम्पो आतून-बाहेरून धुतला.

"अरे, विकायचाय तर कशाला इतकं?" मी म्हटलं.

"मुलगी देताना आंघोळ घालतात ना."

आई उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ते कराराचं पुस्तक पुन्हा एकदा वाचशील का गं, नीट?"

"आई, दोनदा वाचलंय."

"मालक म्हणत होते, तेही एकदा वाचायला हवं होतं म्हणून."

मी म्हटलं, त्यांचं काय, त्यांना वाचायला आता वेळ आहे.

२८ मार्च, शुक्रवार

आज काहीतरी घडलं. लगेच लिहायला हवं म्हणून घरी आल्याआल्या बसलेय.

प्रशिक्षणाच्या पुस्तकात 'हाताची रांग' नावाचा धडा आहे. फळीवर डबे नावाप्रमाणे लावायचे नाहीत, हात ज्या क्रमाने पोचतो त्या क्रमाने लावायचे. सगळ्यात जास्त लागणारं कोपराच्या उंचीवर. वाराप्रमाणे रंगीत टिकल्या, त्याही झाकणावर नाही, अंगठा पडतो तिथे. म्हणजे डोकं वर न करता, काही न वाचता कळतं की काय आहे आणि केव्हाचं आहे. सगळ्या शाखांत आता असंच लावतात. धड्यात फोटो आहे, दोन हात डबा उचलताहेत. तो फोटो मी दोन आठवडे रोज बघतेय.

आज ट्रेनरबाई म्हणाल्या, "ही पद्धत कुठल्यातरी शाखेतून आली म्हणे. ज्या बाईने काढली तिचं डोकं काय चालत असेल बघा." आणि त्यांनी फोटोवर बोट ठेवलं, तेव्हा मला डाव्या मनगटावरचा डाग दिसला. लांबट, टोकाला दोन फाटे. तो डाग मी ओळखते. मी नववीत असताना तेल उडालं होतं. मीच मलम लावायचे.

मी काही बोलले नाही. घसा दाटून आला म्हणून बोलले नाही, असं लिहायचं होतं. पण ते खरं नाही. मनात आलं की आता सांगितलं तर बाई विचारतील, मग परीक्षेला त्या का नाही बसत?

घरी आईला दाखवलं. "हो," ती म्हणाली, "आले होते फोटो काढायला. नुसते हात हवेत म्हणाले, तोंड नको. तिथे माझं नाव आहे का?"

"नाही."

"बरं." मग पुस्तक जवळ घेऊन कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

३१ मार्च, सोमवार

हे कसं लिहू?

परीक्षेचे नियम करारात तिसाव्या पानापासून आहेत असं ट्रेनरबाईंनी सांगितलं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत करार उघडला. एकतिसावं पान, कलम चौदा, पोटकलम 'ग'. इथे उतरवते.

'घेणारी व्यक्ती त्याच शाखेत सलग पाच वर्षांहून अधिक काळ कामाला असल्यास हस्तांतर फी निम्मी आकारली जाईल. अशा व्यक्तीस प्रशिक्षण माफ असेल. तिला लिहिता-वाचता येत नसल्यास परीक्षा तोंडी घेतली जाईल.'

निम्मी म्हणजे अडीच लाख. आईकडे दोन चाळीस आहेत. दहा हजार कमी पडले असते. फक्त दहा. तेवढे मी दवाखान्यातून उचल घेतली असती.

आणि पोटकलमाच्या शेजारी पेन्सिलची खूण आहे. बरोबरची. बारीक, जरा उजवीकडे झुकलेली, माझी.

मला ही खूण केल्याचं आठवत नाही. अठ्ठेचाळीस पानांत दोनशेच्या वर खुणा आहेत, एखादी यंत्रासारखी झाली असेल.

टेम्पो परवा जाणार. आज सांगायला हवं.

१ एप्रिल, मंगळवार

नाही सांगितलं. सकाळी आई घाईत होती. संध्याकाळी दादा खुशीत होता. शिवाय अर्ज बदलता येतो की नाही तेच मला माहीत नाही. उगाच सांगून सगळ्यांना घोर लावायचा. आधी खात्री करते.

(खात्री करायला एक फोन लागतो. फोन केला नाही.)

२ एप्रिल, बुधवार

व्यापारी सकाळी नऊला आला. दादाने किल्ली दिली, मग परत मागून घेतली, आत बसून एकदा हॉर्न दाबला, आणि पुन्हा दिली. गल्लीतली पोरं धावत आली. त्यांना वाटलं दादा कुठून तरी येतोय.

आई माझ्या शेजारी उभी होती. टेम्पो वळणापर्यंत जाईतो तिने तिकडे एकदाही पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत होती. "तुला काही सांगायचंय?" तिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं असेल मला टेम्पोचं वाईट वाटतंय. वाटतच होतं.

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली. दिवसभर तिने मला एकही काम सांगितलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

वजन तीन किलोने कमी झालंय. प्रशिक्षणात मात्र हात चालायला लागले. आज ट्रेनरबाई म्हणाल्या, "आता तुम्ही मालकीणबाई शोभता." मला ते आवडलं. हे लिहिताना कान तापलेत, पण आवडलं हे खरं आहे.

पूर्ण फी दहा तारखेला भरायची. भरली की परत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

सांगितलं.

दुपारची गर्दी ओसरल्यावर प्रशिक्षणातून लवकर निघून हॉटेलात गेले. मालक बाहेर खुर्चीवर डुलकी घेत होते. आई डब्यांना बुधवारच्या टिकल्या लावत होती, पिवळ्या. मी करार उघडला, पान एकतीस, आणि आमच्या रीतीने वाचायला लागले. एक वाक्य आणि थांबणं. पहिल्या वाक्यावर ती म्हणाली, "हं." दुसऱ्यावर "हं." तिसऱ्यावरही. तिन्ही वेळा टिकली लावता लावता.

मी म्हटलं, "आई, हे मला आधी..."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"हेच सगळं. कचेरीत तो साहेब बोलायला लागला आणि तू त्याचं तोंड मिटवलंस. मला वाचता येत नाही, दिसतं सगळं. दुसऱ्या दिवशी मालकांना विचारलं. ते म्हणाले, मोठी चूक झाली बाई, मी हे पुस्तक वीस वर्षांत उघडलं नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने डबा फळीवर ठेवला. "आधी वाटलं, तुला व्हायचंय मालकीण, तर हो बाई. माझं काय, मी स्वयंपाकघरातच असणार. मग दादाने टेम्पोचं काढलं. तेव्हा वाटलं, आता बोलशील. पुस्तक पुन्हा वाच म्हटलं. सहीचं विचारलं. टेम्पो दारातून जात होता तेव्हासुद्धा विचारलं तुला." ती थांबली. "त्यात माझंही चुकलं. मी हट्टाला पेटले. तुझ्या तोंडून यायला हवं म्हणून गप्प बसले, आणि पोराची गाडी गेली."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. टिकल्यांचा कागद माझ्या हातात दिला. "रडायचं तर रड, पण हात चालू दे. पाचला गर्दी येईल."

मी टिकल्या लावत राहिले. मग ती पाठमोरी म्हणाली, "तुला शाळेत घातलं ते मला कुणी फसवू नये म्हणून."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

९ एप्रिल, बुधवार

दादाला आईनेच सांगितलं, मी समोर बसले होते. मग आईला म्हणाला, "म्हणजे गाडी उगाचच गेली." व्यापाऱ्याकडे जाऊन आला. व्यापारी परत द्यायला तयार आहे, सव्वातीनला. दादा म्हणाला, मूर्ख एकदाच बनायचं असतं. आता तो तोच टेम्पो त्याच व्यापाऱ्याकडे रोजाने चालवणार. दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाताला त्याचा गिअर लागत नाही म्हणे.

माझ्याशी बोलला नाही.

१० एप्रिल, गुरुवार

कचेरीत गेलो. आईने आज चपला घातल्या होत्या, मी काही म्हटलं नसताना.

साहेबांना कलमाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी त्याच दिवशी सांगणार होतो. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत." मी मान खाली घातली. माझा अर्ज रद्द, त्याचे पंचवीस हजार बुडाले. आईच्या नावाने नवा अर्ज, त्याचे नवे पंचवीस, टेम्पोच्या पैशांतून. तोंडी परीक्षा पुढच्या गुरुवारी.

"प्रश्न वाचून दाखवायला कोणीतरी लागेल," साहेब म्हणाले.

आई लगेच म्हणाली, "ही वाचेल. हिचंच वाचलेलं मला कळतं."

येताना बसमध्ये तिने हे तीनदा विचारलं होतं, तू असशील ना, तूच वाचशील ना. फक्त याचीच तिला भीती होती.

साहेबांनी नियम पाहिला. "हरकत नाही. तुम्ही दोघी एकाच हॉटेलातल्या, त्या दिवशी म्हणालात ना? वाचणारी व्यक्ती नात्यातली नसली म्हणजे झालं."

त्यांचं पेन कागदावर टेकलं होतं. मी गप्प बसले असते तर झालं असतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती, महिन्याभरापूर्वी बोलून झालं होतं. आई माझ्याकडे बघत नव्हती. टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत होती.

"ती माझी आई आहे," मी म्हटलं.

साहेबांनी पेन उचललं. माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं कपाळावरच काही लिहिलंय. "मग तुम्हाला आत बसता येणार नाही," ते म्हणाले. "आमचा एक कारकून वाचेल."

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "कारकून भराभर वाचतात."

मी म्हटलं, "हो."

१३ एप्रिल, रविवार

दादा आज बोलला. म्हणाला, "मीठ दे."

१७ एप्रिल, गुरुवार

परीक्षा झाली. मी बाहेर बाकावर, मध्ये काच. आवाज येत नव्हता. आत साहेब, एक परीक्षक आणि कारकून. कारकुनाने कागद उचलला आणि ओठ इतके भराभर हलायला लागले की मी बाकावरून उठून काचेजवळ गेले. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती, माझ्या लहानपणी बघायची तशी. मग तिने हात वर केला, पंजा पुढे, गाडी थांबवतात तसा. काहीतरी म्हणाली. कारकुनाने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान डोलावली. मग कारकुनाने एक वाक्य वाचलं आणि थांबला. आईची मान किंचित हलली. काचेतून ऐकू येत नाही, पण मला माहीत होतं काय म्हणाली ते.

तिला मी लागते असं मी पंधरा वर्षं समजत होते. तिला फक्त थांबणारं कुणीतरी लागतं.

सव्वा तास लागला. चाळीसपैकी सदतीस. दोन प्रश्न नव्या बिलाच्या यंत्राचे होते, आणि एका प्रश्नाचं पुस्तकातलं उत्तरच चूक आहे असं तिने सांगितलं म्हणे. निम्मी फी भरली, अंगठा उठवला, पावती मिळाली. साहेबांनी उठून हात जोडले आणि तिला "मालकीणबाई" म्हणाले. ती मागे वळून बघायला लागली, कोण आलंय म्हणून.

बाहेर बाकावर बसून तिने पावती माझ्या हातात दिली. "वाच."

मी वाचलं. हस्तांतर फी, निम्मी, कलम चौदा 'ग' नुसार. हं. घेणाऱ्या व्यक्तीचं नाव, आणि तिचं नाव. ती थोडी थांबून म्हणाली, हं. शाखेचा क्रमांक. हं. मी पावतीची घडी घालायला लागले.

"खाली अजून बारीक आहे," ती म्हणाली. "तेही वाच."

खाली लिहिलं होतं, 'आधीचा अर्ज रद्द. भरलेली रक्कम परत मिळणार नाही. कारण: सवलतीचं कलम अर्जदाराच्या लक्षात आलं नाही.' साहेब भले आहेत. त्यांनी सौम्य शब्द निवडले.

आई "हं" म्हणाली नाही. विचारलं, "असंच झालं का?"

मी पावतीची घडी पुन्हा उलगडली. मग म्हटलं, "नाही."

"मग जे झालं ते लिहून ठेव. त्या फ्रिजच्या वहीत लिहितेस ना रोज. मला वाचता यायचं नाही, पण असू दे लिहिलेलं."

तर लिहिते. खूण केल्याचं मला आठवत नाही असं मी एकतीस मार्चला लिहिलं, ते खोटं आहे. सहा मार्चला, गुरुवारी, दवाखान्यात, मी ते पोटकलम वाचलं. पूर्ण वाचलं आणि पूर्ण समजलं. समजलं म्हणूनच बरोबरची खूण केली. लिहिता-वाचता न येणारी, पाच वर्षांहून अधिक काम केलेली व्यक्ती, हे वाचताना आई डोळ्यांसमोर आली नाही असंही नाही. आली. रबरी बूट घातलेली आली, आणि मला वाटलं, अशा बाईला कोण मालकीण म्हणेल? आणि मी पान उलटलं.

हे वरचं सगळं आईला आत्ता वाचून दाखवलं, एकेक वाक्य, थांबत. प्रत्येक वाक्याला ती "हं" म्हणाली. शेवटच्या वाक्यालाही म्हणाली. मग वाट बघत बसली, पुढचं वाक्य येईल म्हणून.